शेंदराखालचा खराद

बन्सीधर सुताराचा उजवा हात गेला तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त आरडाओरडा मीच केला होता. गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, बसवायचं काम चाललं होतं. तापवून लाल केलेली लोखंडी धाव लोहाराच्या सांडशीतून निसटली आणि बन्सीधरच्या पंजावर आली. चाक माझं, गाडी माझी, आणि "आज दिवस मावळायच्या आत झालंच पाहिजे" अशी घाईही माझीच होती. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याच्यासाठी जी धावपळ केली, तिला कुणी माझा मोठेपणा समजू नये.

परभणीच्या दवाखान्यात त्याची तीन बोटं काढली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं उरलं. गावच्या सुताराचं सगळं काम वाकसावर चालतं. नांगर, वखर, तिफण, गाडीचं जू, जे काही करायचं ते वाकसानं तासून करायचं आणि वाकस धरायला पूर्ण मूठ लागते. बन्सीधरनं डाव्या हातानं मारून पाहिलं. चौथ्या घावाला वाकस लाकडाऐवजी नडगीवर आला. ती जखम बरी व्हायला महिना गेला आणि तोवर गावाची पेरणी तोंडावर आली. पेरणी काही कुणाच्या बोटांसाठी थांबत नाही. गावानं काम त्याच्या चुलतभावाला, चंद्रभानला दिलं. कामाबरोबर खळ्यावरचं बलुतंही त्याच्याकडं गेलं. चंद्रभान माणूस वाईट नव्हता, दाणे घरी नेताना पायली-दोन पायली ह्याच्या दारात ठेवून जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

त्या दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायला त्याच्या घरी गेलो. घराघरांत आपापल्या कामाची हत्यारं पुजलेली होती. बन्सीधरची पेटी मात्र बंद. त्याची बायको धुरपताबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पेटीपुढं नुसती बसली होती.

"नगं," तो तिला म्हणाला. "ज्यानं काम केलं त्यानं पुजावं. म्या काय केलंय सालभर?"

मग माझ्याकडं वळून त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "माणिकराव, तुमच्या गुरांमागं पोरगं ठिवायलाय म्हणं तुमी. म्या येऊ का?"

पंचेचाळिशीला आलेला, पाच गावांत नाव असलेला कारागीर माझी गुरं वळायला मागत होता. मला त्या धावेखाली माझाच हात का आला नाही असं वाटलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि पानं तशीच खिशात घेऊन परत आलो.

साल तेराशे सेहेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी सदतीस. चैत्रातल्या दुपारी पिंगळी स्टेशनावर माझी पेंडीची पोती उतरायची होती. मी बन्सीधरला सोबत घेतलं. पोती उचलायला नव्हे, घरात बसून तो भिंतीशी बोलायला लागला होता म्हणून. गाडी यायला उशीर होता. स्टेशनाच्या पलीकडं एका शेठची बंद पडलेली जिनिंग होती. कापसाचा भाव कोसळला त्या साली तिला कुलूप लागलं, आणि पुढं कुलूपही कुणीतरी नेलं. आम्ही बैल तिथल्या सावलीला बांधले.

आतल्या एका पत्र्याच्या खोलीत केवळाबाईचा देव होता, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. केवळाबाई धनगराची. तिचा एकुलता मुलगा रायभान ह्या जिनिंगमध्ये मजुरीला होता. इंजिनाच्या पट्ट्यात त्याचं धोतर अडकलं आणि पट्ट्यानं त्याला ओढलं. तेव्हापासून ही बाई दर अमावस्येला मेंढरं सोडून यायची आणि त्या खोलीतल्या लोखंडी धुडाला तेलात कालवलेला शेंदूर लावायची. अकाली गेलेला माणूस वीर होतो आणि जिथं गेला तिथंच राहतो, असं आमच्याकडं मानतात. तिनं त्याला पितळेचे डोळेही बसवले होते.

आता एक गोष्ट. रायभानला ओढलं ते इंजिन महिन्याभरातच शेठनं दुसरीकडं नेलं होतं. नेणाऱ्या गाड्यांत माझीही गाडी होती. ह्या खोलीतलं धूड वेगळंच होतं. मी तोंडावर बोलणारा माणूस. एकदा मी तिला सरळ सांगितलं होतं, "केवळाबाई, ही ती मशीन न्हाई. उगं लोखंडाला डोकं टेकवायलीस तू." तिनं माझ्याकडं पाहिलं, तेलाची वाटी उचलली आणि गेली. पुढच्या अमावस्येला पुन्हा हजर. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी चारचौघांत सांगून टाकलं आणि आपण सत्य सांगायचं काम केलं म्हणून खूशही झालो.

तर बन्सीधर त्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी डोकावलो तर हा गडी देवाच्या खाली उताणा पडलेला.

"काय करायलास? ऊठ की," मी म्हणालो.

"माणिकराव, ह्यो खराद हाय." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "लाकूड कातायचा. जिनिंगचा मिस्त्री रूळ कातीत असंल ह्याच्यावर. ही बघा पाय मारायची फळी. पायानं चाक फिरतं, चाकानं लाकूड फिरतं. आपण निस्ती पटाशी टेकवून धरायची. टेकायला लोखंडी आडवं हाय." तो उठून बसला आणि त्यानं आपला उजवा पंजा माझ्यापुढं धरला. "ह्याला दोन बोटं पुरं हायती."

मी त्याला वर्षभरात पहिल्यांदा इतकं सलग बोलताना ऐकलं. लाकडी पाय वाळवीनं खाल्लेले, मागचं चाक भिंतीकडून गंजलेलं, एका बाजूचा लाकूड धरणारा लोखंडी सुळा गायब. पण वरचा सगळा सांगाडा शेंदराखाली. रेल्वेवाले पुलाच्या लोखंडाला आधी तांबडा रंग फासतात तो हाच शेंदूर. गंजाचा त्याच्याइतका वैरी दुसरा नाही. बाईनं सात वर्षं देव जपला होता, आणि देवाच्या आत खराद जपला गेला होता.

शेठचे दिवाणजी व्यंकटराव परभणीत बसायचे. आम्ही तिसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं उभे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण हे गाढव त्या दिवशी चांगल्या मनःस्थितीत होतं.

"न्या की उचलून," ते म्हणाले. "माझ्या चार दारांची कवाडं लागत नाहीत, तेवढी चंद्रभानकडून नीट करून द्या म्हणजे फिटलं. पण त्या बाईचं तुमचं तुम्ही बघा. मागं भंगारवाला गेला होता, तर ती विळा घेऊन दारात उभी राहिली. मी काही मधे पडणार नाही."

त्यांनी उर्दूत चार ओळींचा कागद लिहून दिला. आमच्या वेळची शाळा उर्दूतूनच, म्हणून तो मलाच वाचता आला. कागदानं खराद बन्सीधरचा झाला होता. मी म्हणालो, उद्या गाडी जुंपतो, चार माणसं घेतो. बन्सीधरनं नकारार्थी मान हलवली. अमावस्येपर्यंत थांबायचं, म्हणाला, तिला विचारायचं. मी वैतागलो. अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही, म्हणून काम नसतं तो दिवस बाईला भेटायला बरा, एवढंच काय ते त्याच्या बोलण्यात मला शहाणपण दिसलं.

अमावस्येला दुपारी ती आली. उंच, वाळलेली, खांद्यावर घोंगडी. आम्ही दाराशी बसलो होतो. तिनं आमच्याकडं लक्ष न देता शेंदूर कालवला आणि हाताच्या तळव्यानं, लेकराच्या अंगाला तेल लावावं तसा, लोखंडावर चोळला. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "काय काम हाय?"

कागद माझ्या खिशात होता. मी हात घातला तर बन्सीधरनं मला डोळ्यांनीच थांबवलं. त्यानं आपला पंजा तिच्यापुढं केला. "मावशी, म्या सुतार. हात ह्यो असा झाला. ह्या यंत्रावर मला काम करता येतंय. दुसऱ्या कशावर येत न्हाई. तुमी द्या म्हणलात तरच नेतो. न्हाई म्हणलात तर इथनंच माघारी."

ती त्या पंजाकडं बघत राहिली. मग खराद आणि ती, दोघं एका बाजूला असल्यासारखी ती त्याला टेकून बसली.

"तू सुतार. तुला यंत्राचं कळतं," ती म्हणाली. "मंग येक सांग. ह्या यंत्रानं माझ्या लेकराला वढलं. लय येळ लागला का त्याला?"

बन्सीधरची नजर पाय मारायच्या फळीवर गेली. पाय उचलला की थांबणारं यंत्र ते. कोंबडीसुद्धा त्यात मेली नसती. आणि खरं काय घडलं होतं, ते आसपासच्या गावांना माहीत होतं. रायभान दिवे लागेपर्यंत जिवंत होता आणि सारखा पाणी मागत होता. मी बोलायला तोंड उघडलं. बन्सीधरनं त्या दोन बोटांनी माझं मनगट असं दाबलं की मी तोंड मिटलं.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "चाकाला लय जोर असतो. येका झटक्यात झालं असंल. त्याला कळलंबी नसंल."

मग तिनं उठून घोंगडी झटकली.

"फुडल्या आवसेला गाडी घेऊन ये," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी त्याला सोडलं नाही. म्हणालो, "बन्सी, खोटं बोलून देव नेतोयस तू."

"व्हय," तो म्हणाला.

"तिच्यासाठी बोललास का खरादासाठी?"

गाव दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "तेच मला कळंना झालंय."

पुढच्या अमावस्येला धुरपताबाईही आमच्याबरोबर आली. केवळाबाई आमच्या आधी येऊन बसली होती. शेंदराची खोळ दुसऱ्या कुणाला तिनं काढू दिली नाही. विळ्याच्या पाठीनं हळूहळू ठोकत तिनं कडा सोडवल्या, आणि जाड पापुद्र्याचे मोठेमोठे तुकडे निघायला लागले. धुरपताबाई पदर पसरून ते झेलत होती. खाली लोखंड निळसर काळं, जसं कारखान्यातून आलं असेल तसं. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, ती आमच्यापैकी कुणालाच वाचता आली नाहीत. पितळेचे डोळे तिनं कनवटीला लावले. खोळ घोंगडीत बांधली आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडायला ती एकटीच गेली. धुरपताबाई मागं निघाली तर हातानंच नको म्हणाली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे होतो. गाडी भरायला हात उचलेना.

घरी आणल्यावर तीन महिने बन्सीधरची पडवी घासलेटच्या वासानं भरलेली असायची. गंजलेलं चाक त्यानं विटेच्या भुकटीनं आणि करडईच्या तेलानं घासलं. दांडा ज्या पितळी घरात फिरतो तिथं शेंदूर आणि तेल घट्ट बसलं होतं, ते त्यानं बाभळीच्या काट्यानं कोरून काढलं. लोखंडाला बारीकसा ओरखडासुद्धा उठू नये म्हणून. लाकडी पाय नवे केले, डाव्या हातानं करवत चालवून. धुरपताबाई दुसरं टोक धरायची, आणि दोघं एवढे भांडायचे की शेजारी मजा बघायला यायचे. चाकावरची दोरी चामड्याची हवी होती. पहिली घसरली, दुसरी तुटली, तिसरी टिकली. तो हरवलेला सुळा मात्र सापडेना. शेवटी केवळाबाईच एक दिवस पदराखालून लोखंडाचा तुकडा घेऊन आली. "कोकराच्या दाव्याला मेख म्हणून ठोकला हुता," ती म्हणाली. "ह्येचाच असंल." त्याचाच होता.

ती येणार म्हणून बन्सीधरनं खराद आधी फिरवून पाहिला नव्हता. तिच्यासमोर त्यानं सागाचा एक तुकडा चढवला, फळीवर पाय दिला. चाक एकदा अडलं, मग फिरलं. त्यानं पटाशी टेकवली आणि लाकडाची लांब साल सुटून त्याच्या मांडीवर पडली. धुरपताबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

केवळाबाई जवळ येऊन उभी राहिली. फिरत्या चाकाकडं तिनं निरखून पाहिलं.

"लय हळू फिरतं रं," ती म्हणाली.

बन्सीधरचा पाय थांबला. त्याबरोबर चाकही थांबलं, तिच्या डोळ्यांदेखत. त्याला बोलायची वेळ होती आणि तो बोलला नाही. तिनंही पुढं काही विचारलं नाही. "कर काम," म्हणाली आणि मेंढरांकडं गेली.

त्यानं काम केलं. पाळण्याचे दांडे, बाजेचे पाय, लाटणी, ताकाच्या रव्या, पोरांचे भोवरे. परभणीच्या बाजारात त्याच्या पाळण्यांना नाव झालं. लग्न ठरलं की पोरीचा बाप आधी त्याच्या पडवीत येऊन बसायचा. दसऱ्याला पेटी उघडी आणि खराद हळदीकुंकवानं माखलेला असायचा. केवळाबाई अधूनमधून यायची, दोन्ही हात खरादावर टेकून थोडा वेळ उभी राहायची, चहा प्यायची आणि जायची. बन्सीधरनं तिला कधी लाटणं दिलं, कधी घुसळखांब करून दिला, पण तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो बोलला नाही. मी एकदा म्हणालो, सांगून टाक, इतकी वर्षं झाली. तो म्हणाला, "सांगितलं तर तिचं काय राहील? न्हाई सांगितलं तर माझं काय राहील?" असा तो अकरा वर्षं त्या यंत्रावर पोट भरत राहिला, आणि मला वाटतं त्यातला एकही घास त्याला निर्धास्तपणे गेला नाही.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात आमच्या भागात रझाकारांची दहशत इतकी वाढली की गावंच्या गावं संस्थानाची हद्द ओलांडून वऱ्हाडात जायला लागली. आम्हीही निघायचं ठरवलं. माणसं आणि सामान भरल्यावर गाडीत खरादाला जागा उरली नव्हती. बन्सीधरनं त्याला तेलानं माखलं, पोती गुंडाळली आणि कडब्याच्या गंजीखाली दडपून टाकला. परत येऊ की नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी जुंपल्यावर तो म्हणाला, "आधी केवळामावशीकडं."

ती जाणार नव्हती. मेंढरं घेऊन कुठं जायचं, म्हणाली. ती आता फार थकली होती, झोपडीच्या दारात पोत्यावर बसली होती. बन्सीधर तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं. की ते यंत्र पायानं चालतं. की त्यानं माणूस ओढला जाऊच शकत नाही. की रायभानला ओढणारं इंजिन केव्हाच गेलं होतं, आणि हे त्याला त्या दिवशीही माहीत होतं. "म्या खोटं बोललो मावशी. तुमचा द्येव खोटं बोलून नेला."

तिनं ऐकून घेतलं. तिचा हात त्याच्या दोन बोटांच्या पंजावर आला.

"मला ठाऊक हुतं रं," ती म्हणाली. "इंजन नेलं तवा म्या त्या गाड्यांमागं नाल्यापस्तोर गेल्ते. त्येच नेलं, तर लेकरासाठी हात कुठं टेकायचा म्या? ह्येवडंच राह्यलं हुतं."

"मंग मला इचारलंत कशाला?"

"जो यायचा त्यो मला खरं सांगून जायचा. ह्या माणिकरावानंबी सांगितलं. लेकरू दिवे लागस्तोर पाणी पाणी करत हुतं, तेबी लोकांनी येऊन येऊन सांगितलं. मला वाटायचं, कुणीतरी येकानं न्हाई म्हणावं. तू म्हणलास. म्हणून दिलं."

बन्सीधर तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मी गाडीशी जाऊन उगाच जोत्यांच्या गाठी तपासत राहिलो, कारण त्या बाईकडं मान वर करून बघायचं तोंड मला नव्हतं.